ॲनालाइझ आणि डायकॉमचं निफ्टी करताना डावं-उजवं उलटं होतंय, खरं कुठलं धरायचं?

सोनचाफा_२३:

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय असा की स्ट्रोकनंतर हातातली ताकद आणि बोलणं किती परत येतं आणि मेंदूतली नेमकी कुठली जागा गेलीय याचा त्याच्याशी काय संबंध. माझं मूळ शिक्षण इंजिनिअरिंगचं, मेंदूचं जे येतं ते गेल्या दीड वर्षात शिकलेलं, त्यामुळे प्रश्न अगदीच बेसिक असेल तर सांभाळून घ्या.

३१ पेशंटचे एमआरआय आहेत. २२ जणांचे डायकॉम (मशीनमधून येणाऱ्या मूळ फाइली) आहेत, ते डीसीएम-टू-एनआयआय-एक्स या कन्व्हर्टरने निफ्टीत (रिसर्चमध्ये वापरतात तो फॉरमॅट) केले. उरलेले ९ जुने, दुसऱ्या एका सेंटरकडून सीडीवर आलेले, त्यांचं डायकॉम आता कुणाकडेच नाही, नुसत्या ॲनालाइझ या जुन्या फॉरमॅटच्या जोड्या आहेत, म्हणजे एक एचडीआर फाइल आणि एक आयएमजी. त्या पायथनमध्ये निबेबल या लायब्ररीने उघडल्या आणि निफ्टी म्हणून सेव्ह केल्या. स्क्रिप्ट दहा ओळींची, एरर एकही नाही.

काल रात्री लीजन (मेंदूतली इजा झालेली जागा) हाताने मार्क करायला बसले. पेशंट ०४, केसपेपरवर स्वच्छ लिहिलंय उजवा हात-पाय लुळा, बोलणं गेलेलं, म्हणजे लीजन डावीकडे पाहिजे. एफएसएल-आईज या व्ह्यूअरमध्ये उघडलं तर पांढरा डाग स्क्रीनच्या उजवीकडे. घाबरून तीच फाइल एसपीएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तोच डाग स्क्रीनच्या डावीकडे. मग एसपीएमलाच खरं मानून पहाटेपर्यंत सगळे ३१ केसपेपरशी ताडून बघितले तर ७ जुळत नाहीयेत.

गाइडचं म्हणणं आहे की जे ७ उलटे दिसतायत ते फ्लिप कर आणि पुढे चल, अ‍ॅबस्ट्रॅक्टची तारीख जवळ आलीय. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट मांडताही येत नाहीये. कुणी सांगेल का?

बाराखडी:

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, स्क्रीनवर कुठे दिसतंय ही एक आणि फाइल काय सांगतेय ही दुसरी. नव्वद टक्के घोळ या दोन एकत्र केल्यामुळे होतात असं माझं मत आहे.

रेडिओलॉजीवाले इमेज बघतात ती पेशंटच्या पायाशी उभं राहून बघितल्यासारखी, म्हणजे पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला, जसं समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना असतं तसं. रिसर्चमधले बरेच लोक बघतात ते पेशंटच्या डोक्यामागून बघितल्यासारखं, डावं ते डावंच. एफएसएल-आईज न सांगता पहिल्या पद्धतीने दाखवतं, एसपीएम दुसऱ्या. त्यामुळे तुमचा ०४ नंबर दोन्हीकडे एकच गोष्ट सांगतोय, लीजन पेशंटच्या डावीकडे आहे. तिथे काहीही बिघडलेलं नाही.

आता स्क्रीन सोडा, कर्सर लीजनवर ठेवा आणि मिलिमीटरमधला एक्स वाचा. व्हॉक्सेलचा (इमेजच्या थ्री-डी ठिपक्याचा) नंबर नाही, मिलिमीटर. निफ्टीत नियम असा की एक्स पेशंटच्या उजवीकडे वाढतो, वाय पुढे चेहऱ्याकडे, झेड वर टाळूकडे. म्हणजे एक्स मायनस आला की डावीकडे, मग व्ह्यूअर कुठलाही असो. फक्त एक लक्षात ठेवा, नॉर्मलाइझ न केलेल्या, म्हणजे सरासरी मेंदूवर न बसवलेल्या, स्कॅनमध्ये शून्य म्हणजे साधारण मॅग्नेटचा मध्य, मेंदूचा मध्य नाही, पेशंट जरा सरकून झोपला असेल तर मधली फट शून्यावर नसते, म्हणून लीजनचा एक्स आणि मधल्या फटीचा एक्स दोन्ही वाचून वजाबाकी करा.

आणि हो, डायकॉममध्ये एक्स डावीकडे वाढतो आणि वाय मागे. आयटीके या लायब्ररीवर बांधलेली सॉफ्टवेअर आतून तीच पद्धत वापरतात, त्यामुळे तिथे चिन्ह उलटं दिसलं तर लगेच घाबरायचं नाही. ॲफ्नी या सॉफ्टवेअरमध्ये तर बाजू सांगणारी तीन अक्षरं वेगळ्या अर्थाने लिहितात, त्यांचं प्रत्येक अक्षर म्हणजे मोजणी कुठल्या बाजूला सुरू होते ते, बाकीच्यांचं अक्षर म्हणजे मोजणी कुठल्या बाजूकडे जाते ते. ॲफ्नीचं आरएआय (उजवीकडून, पुढून, खालून सुरू) आणि इतरांचं एलपीएस (डावीकडे, मागे, वर जाणारं) एकच. मी यात एक अख्खा आठवडा घालवलाय.

तुम्हाला गाइडचं का पटत नाहीये ते सांगतो. डाव्या पायाची चप्पल घ्या, ती कशीही फिरवा, उलटी करा, आडवी करा, ती उजव्या पायाची होत नाही. आरशात मात्र लगेच उजवी दिसते. मेंदूचंही तसंच. फिरवण्यात चूक झाली तर डोकं खाली किंवा नाक मागे दिसतं, कुणाच्याही लक्षात येतं. आरसा लागला तर एकच बाजू उलटते आणि मेंदू दोन्हीकडून जवळपास सारखा असल्यामुळे कुणालाच कळत नाही. तुम्ही ‘फ्लिप’ करता तेव्हा आरसा लावता. आरसा आधी कुठे लागला हे माहीत नसताना दुसरा आरसा लावणं म्हणजे अंदाजपंचे काम.

सोनचाफा_२३:

चपलेचं उदाहरण डोक्यात बसलं, मनापासून थँक्यू. ०४ सुटला. आत्ता सांगितल्याप्रमाणे एक्स वाचून परत सगळे ताडले, मधली फट धरून. तरी ७ चे ७ च. त्यातले २ डायकॉमवाले आहेत आणि ५ जुन्या सीडीवरचे. डायकॉमवाल्यांचं मला जास्त टेन्शन आलंय कारण तिथे मी काहीच उपद्व्याप केलेला नाही, कन्व्हर्टरने जे दिलं ते घेतलं, आणि ते दोन चुकले असतील तर बाकीच्या २० वर तरी भरवसा कसा ठेवू?

निवासी_डॉक्टर:

न्यूरोलॉजीत रेसिडेन्सी चालू आहे, नाइट ड्यूटीवरून लिहितोय. ते २ डायकॉमवाले स्ट्रोक नेमके कुठे आहेत? सेरेबेलम (छोटा मेंदू) तर नाही ना?

विचारायचं कारण असं की मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूला चालवतो हे हात-पायाच्या ताकदीसाठी बरोबर, कारण त्या तारा खाली मेड्युलात (मेंदूच्या देठाच्या तळाशी) येऊन पलीकडे जातात. पण सेरेबेलमचं तसं नाही, उजवं सेरेबेलम उजव्याच बाजूचा तोल सांभाळतं. म्हणजे उजवीकडे सेरेबेलमचा स्ट्रोक झाला तर पेशंटचा उजवाच हात नेम चुकवतो, उजवीकडेच झोक जातो. केसपेपरवर घाईत नुसतं ‘उजवी बाजू’ लिहिलेलं असतं, ताकद गेलीय की तोल गेलाय ते लिहिलेलंच नसतं. ओपीडीत दीडशे पेशंट असले की असं होतं, मीही लिहिलंय, आणि त्याचा रिसर्चवाल्यांना असा त्रास होतो हे आज कळलं.

ब्रेनस्टेमचे, म्हणजे या देठाचेही, नीट बघा. पॉन्स या देठाच्या मधल्या भागाच्या स्ट्रोकमध्ये कधी चेहरा एका बाजूचा वाकडा आणि हात-पाय दुसऱ्या बाजूचे लुळे असं असतं, केसपेपरवर चेहऱ्याची बाजू लिहिली असेल तर तुम्ही फसणार.

बोलणं गेलं म्हणजे डावीकडेच असंही शंभर टक्के धरू नका. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत साधारण ९५ टक्के लोकांची भाषा डावीकडे असते, डावखुऱ्यांत हे प्रमाण कमी. उजव्या हाताचा माणूस, लीजन उजवीकडे, तरी भाषा गेली, असे पेशंट असतात, क्रॉस्ड ॲफेझिया म्हणतात. तो पेशंट तुमच्या यादीत असेल आणि तुम्ही त्याची फाइल ‘उलटी दिसतेय’ म्हणून फिरवलीत तर सगळ्यात महत्त्वाचा पेशंट हातातून गेला.

सोनचाफा_२३:

दोन्ही सेरेबेलमचे आहेत!!! आत्ता फाइल उघडून बघितलं. एकाच्या केसपेपरवर खाली बारीक अक्षरात ‘चालताना उजवीकडे झोक, बोट-नाक टेस्टला उजवा हात थरथरतो’ असंसुद्धा आहे, मी नुसती वरची ओळ वाचली होती. म्हणजे मी हे दोन फ्लिप केले असते तर बरोबर असलेले स्कॅन स्वतःच्या हाताने चुकवले असते. डॉक्टर, तुमची ड्यूटी शांत जावो.

आता ते ५ जुने उरले.

क्ष_किरण:

ताई मी एमआरआय टेक्निशियन आहे, नाशिकला, बारा वर्षं झाली मशीनवर. फाइलींचं मला एवढं कळत नाही पण पेशंट मशीनमध्ये जातो तिथलं सांगतो.

पेशंट रजिस्टर करताना आम्हाला पोझिशन टाकावी लागते, डोकं आधी की पाय आधी, उताणा की पालथा की कुशीवर. मशीन स्वतः बघत नाही, आम्ही टाकू ते खरं मानतं आणि डावं-उजवं त्याच्यावरून लिहितं. पाठीत बाक असलेला म्हातारा पेशंट कुशीवर झोपवला आणि गडबडीत उताणाच राहिलं तर लेबल सगळी चुकतात. पण वर बाराखडी म्हणतायत ते बरोबर आहे, असं झालं की इमेज फिरलेली दिसते, नाक भलतीकडे दिसतं, त्यामुळे आम्ही तिथेच पकडतो. नुसतं डावं-उजवं उलटं मशीनवर होताना मी तरी बघितलेलं नाही, ते पुढे फाइल बदलताना होत असणार.

आमच्याकडे एक रिसर्चवाले डॉक्टर यायचे ते प्रत्येक पेशंटच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची गोळी चिकटवायला लावायचे, ती हिरवी मऊ कॅप्सूल, एव्हिऑन, मायक्रोपोअरच्या पट्टीने. आत तेल असतं त्यामुळे टी-वन या साध्या प्रकारच्या स्कॅनला पांढरीशुभ्र दिसते, वाटाण्याएवढी. मग फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये न्या, गोळी दिसली की ती बाजू उजवी, वादच नाही. फक्त फॅट दाबणारा सीक्वेन्स असेल तर गोळी गायब होते, आणि एफएमआरआयच्या सीक्वेन्समध्ये पण धड दिसत नाही, म्हणून गोळी ठेवून एक साधा टी-वन घ्यायचाच. पुढचे पेशंट घ्याल तेव्हा टेक्निशियनला सांगा, एका गोळीचा खर्च काहीच नाही.

जुन्या पेशंटचं म्हणाल तर फिल्म शोधा. आपल्याकडे लोक एमआरआयची फिल्म टाकून देत नाहीत, त्या मोठ्या पिशवीत घालून कपाटावर नाहीतर गादीखाली ठेवलेली असते, वीस वर्षं सुद्धा. फिल्मवर मशीननेच आर आणि एल छापलेलं असतं, ते थेट मशीनमधून आलेलं, मधे कुणी कन्व्हर्ट केलेलं नसतं.

हिंजवडीचा_पाऊस:

मधेच घुसतोय, माफ करा. मी डीप लर्निंगवर काम करतो, एमआरआयचे स्लाइस पीएनजी करून मॉडेलला देतो. पायडायकॉम या लायब्ररीने पिक्सेल काढतो, एकावर एक रचतो, परत निफ्टी हवी असेल तर आयडेंटिटी मॅट्रिक्स टाकून सेव्ह करतो. आत्तापर्यंत काही प्रॉब्लेम दिसला नाही. हे सगळं वाचून पोटात गोळा आलाय. माझंही उलटं झालं असेल का?

बाराखडी:

झालं असेलच असं नाही पण झालंय की नाही हे आता तुमच्या फाइलवरून कळणार नाही, खरा प्रॉब्लेम तो आहे. पीएनजीत बाजू लिहायला जागाच नाही. आयडेंटिटी मॅट्रिक्स टाकता म्हणजे तुम्ही फाइलला सांगता की पहिला इंडेक्स वाढला की पेशंटच्या उजवीकडे जातो, आणि ते खरं आहे का हे कुणी बघितलेलंच नसतं.

थोडं खोलात सांगतो कारण इथेच लोक फसतात. पायडायकॉम जो ॲरे देतो त्यात पहिला इंडेक्स ओळीचा, दुसरा रकान्याचा. निफ्टीवाले पहिला इंडेक्स एक्सचा धरतात. मग आपण ट्रान्सपोज करतो. ट्रान्सपोज म्हणजेसुद्धा आरसाच, दोन अक्षांची अदलाबदल केली की चप्पल दुसऱ्या पायाची झाली. मग इमेज आडवी दिसते म्हणून नव्वद अंशात फिरवतो, मग खालीवर वाटते म्हणून एकदा उलटवतो, आणि शेवटी ‘छान दिसतेय’ म्हणून थांबतो. किती आरसे लागले ते मोजलेलंच नसतं. आरशांचा हिशोब बरोबर निघाला तर वाचलात, एकाने चुकला तर गेलात.

डायकॉमवरून निफ्टीत जाताना ॲफिन मॅट्रिक्सच्या (व्हॉक्सेलचा नंबर मिलिमीटरमध्ये बदलणाऱ्या तक्त्याच्या) पहिल्या दोन ओळींचं चिन्ह बदलायचं असतं, एक्सची आणि वायची, दोन्ही. दोन चिन्हं बदलली की ते नुसतं फिरवणं होतं. कुणी एकच बदललं की आरसा. तीन बाय तीन भागाचा डिटर्मिनंट काढा, प्लस की मायनस बघा. व्हॉक्सेल उलट्या क्रमाने लावले तर डिटर्मिनंटचं चिन्हही बदललंच पाहिजे, डेटा फिरवला आणि मॅट्रिक्स तसाच ठेवला तर तिथेच चूक. एफएसएलमधली एक कमांड यावरून ‘रेडिओलॉजिकल’ किंवा ‘न्यूरोलॉजिकल’ असं छापते, तेही नाव फसवं आहे, ते डेटा कुठल्या क्रमाने साठवलाय त्याबद्दल आहे, दोन्हीपैकी काहीही आलं तरी फाइल बरोबर असू शकते. तो शब्द बघून ‘अरे हे न्यूरोलॉजिकल आलं, बदलूया’ म्हणून नुसतं हेडर बदलणारे लोक मी बघितलेत, आणि त्या क्षणी चांगली फाइल बिघडते.

डिफ्यूजन (मेंदूतल्या तारांच्या दिशा दाखवणारा एमआरआय) करणाऱ्यांनी अजून एक बघा. इमेज उलटवली तर बी-व्हेक्टरची (मोजणीच्या दिशांची) फाइलही त्याप्रमाणे बदलावी लागते, ती वेगळी टेक्स्ट फाइल असते आणि सगळे विसरतात. कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या पुलाच्या) पुढच्या टोकाला दोन्हीकडे ज्या कमानी जातात तिथे रेषा काढून बघा, रेषा कमानीसोबत वळल्या पाहिजेत, कमानीला आडव्या गेल्या तर एक चिन्ह चुकलंय.

आणि हिंजवडी, तुम्ही ऑगमेंटेशनमध्ये (ट्रेनिंगसाठी इमेजमध्ये मुद्दाम बदल करतात त्यात) आडवा फ्लिप लावत असाल आणि मॉडेलकडून लीजन डावीकडे की उजवीकडे हे विचारत असाल तर तो फ्लिप आजच बंद करा.

अटकेपार:

सोनचाफा, तुमचे ५ जुने माझ्या ओळखीचे वाटतायत. मी या फाइलींवर पोट भरलंय, दोन हजारच्या दशकाची सुरुवात, तेव्हा सगळीकडे ॲनालाइझच होतं.

ॲनालाइझ ७.५ हा मेयो क्लिनिकचा फॉरमॅट. हेडर ३४८ बाइटचं, त्यात लांबी रुंदी, व्हॉक्सेलचा आकार सगळं होतं, डावं-उजवं भरवशाने सांगेल असं काही नव्हतं. एक ओरिएंटचं खातं होतं पण ते कुणी भरायचं नाही आणि भरलं तरी दुसरं कुणी वाचायचं नाही. कागदावरचा नियम असा की पहिला व्हॉक्सेल पेशंटच्या उजवीकडचा, नंबर वाढेल तसं डावीकडे जायचं. पण कितीतरी लॅब उलट क्रमाने साठवायच्या. एसपीएम२ मध्ये सेटिंगच्या फाइलीत फ्लिप नावाची एक ओळ होती, तिथे १ असेल तर एक अर्थ, ० असेल तर दुसरा, आणि शेजारी कॉमेंट होती की हे फार महत्त्वाचं आहे, डाव्या-उजव्याशी संबंध आहे. फाइल तीच, पण शेजारच्या दोन खोल्यांतल्या कॉम्प्युटरवर दोन वेगळी सेटिंग असली की त्याच पेशंटचं लीजन एका खोलीत डावं, दुसऱ्या खोलीत उजवं. याच त्रासातून २००३ च्या सुमारास निफ्टी आलं, हेडर तेवढंच ३४८ बाइटचं ठेवलं म्हणजे जुनी सॉफ्टवेअर बंद पडणार नाहीत, पण त्यात बाजू लिहायला दोन जागा केल्या, क्यूफॉर्म आणि एसफॉर्म. (आता या दोघांचं आपसात जुळत नसेल आणि एक सॉफ्टवेअर एक वाचत असेल, दुसरं दुसरी, तर नवा घोळ, पण तुमच्याकडे तो नाही.)

आता कामाचं. एसपीएमवाले ॲनालाइझसोबत तिसरी फाइल ठेवायचे, त्याच नावाची, शेवटी मॅट. त्यात चार बाय चारचा मॅट्रिक्स असायचा आणि बाजूची खरी माहिती तिथे. लोक सीडी जाळताना एचडीआर आणि आयएमजी घ्यायचे आणि मॅट सोडून द्यायचे, कारण ती फाइल बारकीशी आणि बिनकामाची वाटायची. निबेबलला मॅट सापडली तर ती वाचतं, सापडली नाही तर कागदावरचा नियम धरतं, आणि एरर देत नाही. डेटा उलट क्रमाने साठवलेला असेल तर तिथे गुपचूप आरसा लागतो. सीडीवर जाऊन बघा, ९ पैकी किती जणांची मॅट फाइल आहे.

आणि गाइडच्या सूचनेबद्दल, हे मी कळकळीने सांगतोय. तुमचा अभ्यासच लीजन कुठे आणि लक्षण काय याचा आहे. लक्षण बघून तुम्ही स्कॅनची बाजू ठरवलीत आणि मग पेपरात लिहिलंत की बाजूवरून लक्षण कळतं, तर उत्तर आधी प्रश्नात घातलं आणि मग बाहेर काढून दाखवलं. बाजू ठरवायला लक्षणाबाहेरचा पुरावा पाहिजे. फिल्म, मॅट फाइल, गोळी, नाहीतर त्याच पेशंटचा दुसरा कुठला तरी डायकॉम स्कॅन. शेवटचा फार चांगला उपाय आहे. मेंदूच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या, तळहाताच्या रेषांसारख्या. जुना स्कॅन एकदा आहे तसा आणि एकदा आरसा लावून, दोन्ही नव्या स्कॅनवर नुसतं हलवून-फिरवून बसवा, ताणायचं नाही. जो खरा असतो तो घडीला घडी बसतो, दुसरा कितीही प्रयत्न केला तरी सगळीकडे थोडाथोडा चुकतो. ॲफ्नीवाल्यांनी हेच ऑटोमॅटिक केलंय, २०२० मध्ये त्यावर पेपरही लिहिला, सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या डेटासेटमध्येसुद्धा त्यांना उलटे स्कॅन सापडले. टेम्प्लेटवर बसवून मात्र हे कळत नाही, सरासरी मेंदू दोन्हीकडून इतका सारखा की आरशातला मेंदूही त्यावर आरामात बसतो.

आमच्या एका जुन्या लॅबमध्ये असेच ११ पेशंट उलटे होते. दीड वर्षाचं काम, पोस्टर छापून भिंतीवर लागलेलं, आणि मग एका मुलीने फिल्म हातात धरून विचारलं की हा ट्यूमर इकडे कसा. पोस्टर त्या संध्याकाळी उतरवलं. ती मुलगी तेव्हा सगळ्यात ज्युनिअर होती आणि तिने विचारलं हे मला अजून आठवतं, म्हणून तुम्हाला पटत नाहीये ना, ते पटवून घेऊ नका.

निवासी_डॉक्टर:

अजून एक जोडतो. मेंदू अगदी आरशासारखा नसतो, बहुतेक लोकांत उजवा फ्रंटल लोब जरा पुढे आलेला असतो आणि डावा ऑक्सिपिटल जरा मागे, आणि उजवा ट्रान्सव्हर्स सायनस (मेंदूच्या मागची रक्ताची मोठी शीर) बहुतेकांत मोठा असतो. पण हे गर्दीचं खरं, एका माणसाचं नाही. यावरून एखाद्या पेशंटची बाजू ठरवायला जाऊ नका, शंका घ्यायला तेवढं वापरा.

सोनचाफा_२३:

अपडेट. उशीर झाला, सेंटरला दोनदा जावं लागलं.

सीडीवर ९ फोल्डर आहेत. ४ मध्ये मॅट फाइल आहे, ५ मध्ये नाही. आणि ज्या ५ मध्ये नाही तेच ते ५, न जुळणारे. मी ते बघून खुर्चीतच बसून राहिले पाच मिनिटं. त्या ४ मॅट फाइली उघडल्या, पहिला आकडा प्लस, म्हणजे डेटा डावीकडून उजवीकडे साठवलेला, कागदावरच्या नियमाच्या उलट. तारखाही एकाच महिन्यातल्या, स्कॅनरही एकच. म्हणजे बाकीचे ५ तसेच साठवलेले असणार आणि निबेबलने ते नियमाप्रमाणे धरले.

पण ‘असणार’वर थांबले नाही. सेंटरच्या डॉक्टरांनी पेशंटच्या घरी स्वतः फोन केले. ३ जणांच्या घरी फिल्म निघाल्या. एका आजोबांच्या सुनेने ट्रंकेतून काढून व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी नाव झाकून मला दिला. तिन्हीमध्ये लीजन माझ्या फाइलीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे आरसा लागलाय हे पक्कं. चौथ्या पेशंटचा नंतर परत एमआरआय झाला होता, त्याचं डायकॉम मिळालं, दोन्ही प्रकारे बसवून बघितलं, आरसा काढलेला घडीला घडी बसला, सिल्व्हियन फिशरच्या (मेंदूच्या बाजूच्या मोठ्या खाचेच्या) मागच्या टोकाला तर डोळ्यांनीच दिसत होतं.

पाचव्याचं काहीच मिळालं नाही. मॅट नाही, फिल्म नाही, दुसरा स्कॅन नाही. घरच्यांनी गाव सोडलंय. बाकी चौघांसारखाच असणार हे माहीत आहे, लक्षणही तेच सांगतंय. घेऊ का नको?

बाराखडी:

चौघांना सुधारताना मूळ फाइली तशाच ठेवा, नव्या नावाने सेव्ह करा आणि मॅट्रिक्स बदलून करा, डेटाला हात लावू नका. कुठल्या फाइलीचं काय आणि कशावरून बदललं ते एका साध्या टेक्स्ट फाइलीत त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा.

अटकेपार:

पाचवा बाजूला ठेवा. पेपरात लिहा की एका पेशंटची बाजू स्वतंत्रपणे ठरवता आली नाही म्हणून ३० घेतले. तोच पेशंट घालून वेगळं ॲनालिसिस करून पुरवणीत द्या हवं तर, पण मुख्य आकड्यात नको.

क्ष_किरण:

ताई एक विचारायचं राहिलं. तो ट्रंकेतल्या फिल्मचा फोटो मोबाइलवर आलाय ना, त्यात आर-एल आणि हॉस्पिटलचं नाव ही अक्षरं सरळ वाचता येतायत का? फिल्म आरपार असते, घरी लोक खिडकीवर धरून फोटो काढतात तेव्हा बऱ्याचदा मागच्या बाजूने धरलेली असते, तसं असेल तर अख्खा फोटोच उलटा.

सोनचाफा_२३:

आत्ता उघडून बघितलं. अक्षरं सरळ आहेत. कोपऱ्यात एल, डाग त्याच बाजूला. बाकी दोन फिल्म मी सेंटरला स्वतः हातात धरून बघितल्या होत्या, त्यांचंही लिहून ठेवते. गाइडना उद्या सकाळी ३० चा आकडा सांगणार आहे.